चौक रुंद नको, आटोपशीर हवा

प्रश्न : तिरोड्याच्या गजबजलेल्या चौकातून सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुलांना आणि पायी चालणाऱ्यांना सुरक्षित कसे करता येईल? चौक रुंद केल्याने प्रश्न सुटेल का?
– एक पालक, तिरोडा

उत्तर : रुंदीकरणाने धोका बहुधा वाढतोच. कोपरा मोठा व गोलाकार असला की गाडी वेग कमी न करता वळते आणि पादचाऱ्याला जास्त अंतर ओलांडावे लागते.

हिशेब सोपा आहे. माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो. 12 मीटरचा रस्ता ओलांडायला त्याला 10 सेकंद लागतात. कोपरे पुढे आणून अंतर 6 मीटर केले, तर 5 सेकंद पुरतात. म्हातारी माणसे आणि लहान मुले यांना हा फरक सर्वाधिक जाणवतो.

मुंबईत मालाडच्या मीठ चौकीत हाच विचार आधी ट्रॅफिक कोन, बॅरिकेड आणि रंग वापरून अजमावला गेला. पक्के बांधकाम त्यानंतरचे.

तिरोड्यातही सुरुवात अशीच स्वस्तात होऊ शकते. झेब्रा पट्ट्यांलगतची वाहने व हातगाड्या थोड्या मागे सरकवाव्यात, म्हणजे चालक आणि सायकलस्वार एकमेकांना वेळीच दिसतील. थांबरेषा पट्ट्यांच्या अलीकडे आखावी. चौकाआधी गतिरोधक, रात्री पुरेसा उजेड आणि मधोमध थांबायला दुभाजकाचा आसरा हवा. कोपरे पुढे आणण्याआधी मात्र अवजड ट्रकना वळायला लागणारी जागा मोजावी.

नागरिकांनी शाळा सुटण्याच्या वेळी एक तास वाहने, सायकली व पादचारी यांची मोजणी करून ती नगर परिषद, वाहतूक पोलीस आणि रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या विभागाकडे लेखी द्यावी. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 198अ रस्त्याच्या सदोष रचनेची जबाबदारी यंत्रणेवर टाकते. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करावा.