गोरोबाकाका : प्रपंचातील पक्के मडके

चैत्र वद्य त्रयोदशी ही गोरोबाकाकांची पुण्यतिथी. शके १२३९ (इ. स. १३१७) मध्ये या तिथीस काकांनी तेर येथे देह ठेवला, असे संप्रदायात मानतात. धाराशिव जिल्ह्यात तेरणाकाठी त्यांची समाधी आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथल्या उत्खननात सातवाहनकाळची मातीची भांडी व मूर्ती निघाल्या आहेत. अशा गावचा हा कुंभार. माती तुडवावी, चाक फिरवावे, थापटण्याने मडके सारखे करावे, आवा लावावा आणि त्यावर घरच्यांचे पोट भरावे, हा त्यांचा नित्यक्रम. नामही त्यातच चाले. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागला नाही.

आता सज्जनहो, श्रोत्यांच्या मनात एक शंका नेहमी येते, ती येथे सोडवू. काकांनी प्रपंच करून परमार्थ साधला, असे आपण म्हणतो. पण नामाच्या तंद्रीत स्वतःचे रांगते मूल चिखलात तुडवले गेले, तरी भान नाही. मग हा कसला प्रपंच? एखादी आई म्हणेल, असली भक्ती नसलेली बरी! हा पूर्वपक्ष झिडकारू नये. पहिल्यांदा त्या मुलाच्या आईनेच तो टाहो फोडून मांडला आहे.

याचे उत्तर हवे तर कथा अर्ध्यावर सोडू नये. महिपतींनी शके १६८४ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त ती विस्ताराने आली आहे. पत्नीच्या बोलण्याने काका संतापले, मारायला धावले. तिने विठोबाची शपथ घातली की, मला शिवू नका. झाले! उगारलेला हात तेथेच थांबला आणि पुढे शपथ मोडली म्हणून काकांनी स्वतःचे हातच तोडून घेतले. आता कुंभाराला हात नाहीत म्हणजे घरात चूल नाही. तेव्हा पांडुरंग काय करतो? काकांस वैकुंठाला नेत नाही. तो स्वतः कुंभार होऊन त्यांच्या घरी राबतो, मडकी घडवतो. शेवटी पंढरीस नामदेवरायांच्या कीर्तनात काकांना हात फुटतात आणि मूल रांगत आईकडे येते.

आमच्या मते सिद्धांत येथे आहे. मूल तुडवले गेले, हे भक्तीचे भूषण म्हणून कथेत आलेले नाही. तसे असते तर कथा तेथेच संपती. मूल आईच्या मांडीवर, हात कामावर आणि संसार जागेवर आला, तेव्हा कथा पुरी झाली. देवालासुद्धा भक्ताची पोटापाण्याची बाजू उचलावी लागली. म्हणून घरच्यांकडे पाठ फिरवून टाळ वाजविणाऱ्याने काकांचा दाखला देऊ नये.

दुसरी गोष्ट काकांच्या अधिकाराची. न्यायशास्त्रात घट हे ठरलेले उदाहरण. माती समवायी कारण. कुलाल, चक्र, दंड ही निमित्तकारणे. शास्त्री हा घट जन्मभर तोंडाने घडवतो, काकांनी तो हाताने घडविला. म्हणून संतमंडळी तेरला जमली, तेव्हा यांतील कच्चे कोण व पक्के कोण, हे पाहण्याचे काम ज्ञानदेवांनी कुणा पंडिताला सांगितले नाही, ते काकांकडे दिले. काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर हाणीत निघाले. बाकीचे शांत राहिले. नामदेव तेवढे रागावले. काकांनी निकाल दिला, हे मडके कच्चे. प्रत्यक्ष देवाशी बोलणाऱ्या भक्ताला हे सांगायला धैर्य लागते. नामदेव रुसून पंढरीस गेले, तर देवानेही तोच निकाल कायम केला आणि त्यांस औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे धाडले. कच्चे म्हटल्याने नामदेवांचे वाईट झाले नाही, गुरू भेटले!

ही पारख काकांना आव्यापाशी बसून आली. कच्चे मडके गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचे नाही, एवढा नेम रोजच्या धंद्यात पाळला की हाताला खरेखोटे कळू लागते. आपणही दुकानात तागडी धरताना, शेतात नांगर धरताना, संध्याकाळी लेकराला जवळ घेताना तो नेम पाळावा. काकांची पुण्यतिथी केल्याचे फळ ते हेच.

पुंडलीक वरदा हरी विठ्ठल!