गोधडीची किंमत लावायची कशी?

प्रश्न : मी घरी हाताने गोधड्या शिवते. जुन्या सुती साड्या आणि धावदोरा, मशीन अजिबात नाही. रोज चार-साडेचार तास बसले तर डबलबेडची एक गोधडी तीन आठवड्यांत होते. १५०० रुपये सांगितले की लोक म्हणतात, “जुन्या साड्यांचीच ना?” मशीनची तर ७००-८०० ला मिळते. हाताच्या कामाची किंमत नक्की ठरवतात तरी कशी? — एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, आधी तुमचाच हिशेब मांडू. तीन आठवडे म्हणजे साधारण ९० तास. बोहारणीकडून घेतलेल्या साड्या, दोरा, अस्तर मिळून ३०० रुपये धरा. १५०० मधून ते गेले की उरले १२००. म्हणजे तासाला तेरा रुपये. त्याच बार्शीत अर्धा दिवस भांगलायला गेलेली बाई तासाला याहून कितीतरी जास्त मिळवून घरी येते. तुम्ही महाग विकत नाही आहात, पदरमोड करून विकत आहात.

बहुतेकींचं इथंच चुकतं. दोऱ्याची पावती असते, तासांची नसते. म्हणून किंमत लावताना दोरा आठवतो आणि तास विसरतात. दुपारी “रिकाम्या वेळात” शिवलं म्हणून तो वेळ फुकटचा होत नाही. तासाला निदान ५० रुपये धरा, म्हणजे आठ तासांचे ४००. फार नाहीत. तरी गोधडी जाते ४८०० वर.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याला घेणार कोण? हा पेच जुना आहे. १९३५ साली वर्ध्याजवळ नालवाडीत विनोबांनी केवळ सूतकताईच्या मजुरीवर जगून पाहायचं ठरवलं. दिवसभर कातून हाती येत होते दोन आण्यांच्या आसपास, आणि कताई त्यांच्या बोटांत मुरलेली होती. मजुरी वाढवावी तर खादी महागणार, महागली तर गिऱ्हाईक पाठ फिरवणार, हीच तेव्हाही भीती. गांधीजींनी तरीही आग्रह धरला आणि कातणाऱ्याला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे हे तत्त्व खादीचं काम पाहणाऱ्या चरखा संघाने स्वीकारलं. खादीचा भाव चढला, तो चढू दिला. स्वस्ताईची झळ कातणारीने सोसायची नाही, एवढं तरी त्यात ठरलं.

तुमच्यामागे चरखा संघ नाही, तेव्हा गिऱ्हाईक आणि माल दोन्ही बदलावे लागतील. ४८०० ची गोधडी आठवडी बाजारात खपणार नाही; तिथं ती मांडूच नका. पुण्याची भीमथडी जत्रा, मुंबईचं महालक्ष्मी सरस इथं हातकाम शोधत येणारी माणसं असतात. बचत गटात असाल तर सरससाठी ‘उमेद’च्या तालुका कार्यालयात चौकशी करा.

मालाचं म्हणाल तर बाळाची गोधडी करून पाहा. अडीच बाय तीन फुटांची गोधडी डबलबेडच्या आठव्या हिश्श्याएवढी. अकरा-बारा तासांत होते आणि तासाचा दर न पाडता सहाशे-साडेसहाशेत बसते. बारशाला तेवढा खर्च माणसं खुशीने करतात. दुसरं, लोकांच्याच साड्यांची गोधडी शिवून द्या. आजीच्या नऊवाऱ्या घेऊन आलेल्या माणसाला “जुन्या साड्यांचीच ना” असं म्हणता येत नाही. तिथं तुम्ही फक्त मजुरी सांगायची आणि निम्मी आगाऊ घ्यायची.

दुकानात ठेवायला दिलीत तर गणित नीट करा. दुकानदार विक्रीच्या ३० टक्के घेणार असेल, तर ४८०० वर ३० टक्के चढवून ६२४० लावू नका. तो ३० टक्के ६२४० वर कापेल आणि तुमच्या हातात ४३६८ येतील. ४८०० ला ०.७ ने भागा, ६८५७ येतात. आणि दुकानात ६८५७ अन् घरी ४८०० असंही चालत नाही. गिऱ्हाईक दुकानात पाहून तुमच्या दारात येतं आणि दुकानदार पुढच्या वेळी माल घेत नाही. किंमत सगळीकडे एकच. घरी विकलेल्या गोधडीत वर राहतील ते तुमच्या विकण्याच्या खटपटीचे.

घासाघीस होणारच. “दोन घेतो, कमी करा” हे मशीनवाल्याला परवडतं. तुमच्या दुसऱ्या गोधडीलाही ९० तासच लागतात, हे शांतपणे सांगा. गोधडी उलटी करून दाखवा : धावदोऱ्याच्या दोन टाक्यांत मोकळी जागा दिसते, मशीनची शिवण सलग जाते. शंभर शब्दांपेक्षा हे पटकन कळतं. नात्यातल्यांना द्यायची तर फुकट द्या, स्वस्तात मात्र देऊ नका. फुकट दिलेल्याची भेट होते. स्वस्तात दिलेला भाव आठवड्यात गावभर होतो.

पुढची गोधडी शिवायला घ्याल तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात तास लिहीत जा. शिवून झाली की बेरीज करा, एका चिठ्ठीवर ‘हाताने शिवली, इतके तास’ एवढंच लिहून गोधडीच्या कोपऱ्याला टाचा, आणि किंमत त्या आकड्यावरून लावा.