‘हार्ड’, ‘स्ट्राँग’, ‘स्टिफ’ आणि ‘टफ’

इंग्रजीच्या वहीत समानार्थी विशेषणांची यादी तुम्ही कधीतरी उतरवून घेतली असेलच. ‘हार्ड’ या शब्दापुढे तीत बहुधा ‘स्ट्राँग’, ‘स्टिफ’ आणि ‘टफ’ हे शब्द एकाच ओळीत सापडतील. यादी पाठ केली आणि एकाच्या जागी दुसरा शब्द घातला की इंग्रजीच्या पेपरात काम भागते. पण हीच यादी डोक्यात ठेवून तुम्ही अकरावीच्या विज्ञान शाखेत आलात, की अडचण सुरू होते. ‘स्टील इज हार्ड, देअरफोर इट इज यूज्ड फॉर ब्रिजेस’ अशा धर्तीची वाक्ये उत्तरपत्रिकांत नेहमी आढळतात. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे; विज्ञानाच्या दृष्टीने त्यातले कारणच चुकले आहे. पुलावर ओरखडा उठेल की नाही, याची काळजी कोणी करीत नाही!

समानार्थी शब्दांचा प्रसिद्ध इंग्रजी कोश पीटर मार्क रॉजे यांनी १८५२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला. रॉजे हे वैद्यक शिकलेले, रॉयल सोसायटीचे वीस वर्षांहून अधिक काळ सचिव राहिलेले आणि गणिताच्या सरकपट्टीत सुधारणा केलेले गृहस्थ होते. त्यांनी शब्द वर्णक्रमाने न लावता कल्पनांप्रमाणे लावले. त्यामुळे जवळच्या अर्थाचे शब्द शेजारी शेजारी आले. पण शेजारी म्हणजे जुळी भावंडे नव्हेत. ती वेगवेगळी कशी ओळखायची, ते आता पाहू.

चार शब्द, चार कसोट्या

वस्तूला एखादे विशेषण लावण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी या वस्तूचे काय करून पाहिले?

ओरखडा काढून पाहिला असेल, तर शब्द ‘हार्ड’. १८१२ मध्ये फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने खनिजांची दहा पायऱ्यांची श्रेणी केली. पहिल्या पायरीवर शंखजिरे, दहाव्या पायरीवर हिरा. वरच्या पायरीचे खनिज खालच्यावर ओरखडा काढते. गारगोटी सातव्या पायरीवर आहे. म्हणून तिने काचेवर रेघ उमटते.

तुटेपर्यंत ताणून पाहिले असेल, तर शब्द ‘स्ट्राँग’. नायलॉनची दोरी ब्लेडने सहज कापली जाते, म्हणजे ती ‘हार्ड’ नाही. पण तिला माणूस लटकला तरी ती तुटत नाही. ती ‘स्ट्राँग’ आहे.

भार ठेवून किती वाकते ते पाहिले असेल, तर शब्द ‘स्टिफ’. पोलादाचा यंग गुणांक सुमारे २०० गिगॅपास्कल आहे, ॲल्युमिनियमचा सुमारे ७०. म्हणून एकाच आकाराच्या दोन पट्ट्यांवर सारखा, बेताचा भार ठेवला, तर ॲल्युमिनियमची पट्टी जवळजवळ तिप्पट वाकते.

आणि तडाखा देऊन पाहिले असेल, तर शब्द ‘टफ’. तडाख्याची ऊर्जा जो पदार्थ पचवतो, पडलेली चीर पुढे धावू देत नाही, तो ‘टफ’. बाभळीचे लाकूड, चामडे, टायरचे रबर ही याची उदाहरणे.

विरुद्धार्थी शब्दाची मदत

चार शब्दांतला फरक लक्षात ठेवण्याची एक युक्ती आहे. प्रत्येकाचा विरुद्धार्थी शब्द शोधा. ‘हार्ड’च्या उलट ‘सॉफ्ट’, ‘स्ट्राँग’च्या उलट ‘वीक’, ‘स्टिफ’च्या उलट ‘फ्लेक्सिबल’ आणि ‘टफ’च्या उलट ‘ब्रिटल’. विरुद्ध शब्द चार निघाले, तर मूळ शब्द एकाच अर्थाचे कसे असतील?

मराठीत हा भेद आपण रोजच पाळतो. कठीण आणि मऊ, बळकट आणि कमकुवत, ताठ आणि लवचिक, चिवट आणि ठिसूळ. काचेला कोणी चिवट म्हणत नाही, की चामड्याला ठिसूळ. भाजलेला पापड ताठ असतो, पण चिवट नसतो. शिळी पोळी वातड होते. इंग्रजीत तिला ‘टफ’च म्हणतील. तेव्हा इंग्रजी शब्द अडला, तर आधी मराठी शब्द आठवा.

हिरा आणि जहाज

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. खरा हिरा घणाखालीही फुटत नाही, अशी समजूत फार जुनी आहे. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी यानेही तसे लिहून ठेवले आहे. प्रत्यक्षात हिरा अत्यंत ‘हार्ड’ असला तरी ‘टफ’ नाही. त्याच्या स्फटिकात चार दिशांना अशी प्रतले असतात, की त्यांच्या रोखाने घाव बसला तर तो दुभंगतो. ३१०६ कॅरटचा कलिनन हिरा १९०८ साली ॲम्स्टरडॅममध्ये असाच खाच पाडून, पाते ठेवून, ठोका मारून फोडण्यात आला. पण ही समजूत खरी मानून ज्यांनी आपल्या हिऱ्याची परीक्षा घणाने घेतली असेल, त्यांचे काय झाले असेल?

दुसरे उदाहरण पोलादाचे. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड बंदरात ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेले होते. पाणी शांत होते. अचानक मोठा आवाज झाला आणि जहाज मध्यावर जवळजवळ दोन तुकड्यांत तडकले. त्याचे पोलाद ‘स्ट्राँग’ होते, पण त्या काळचे पोलाद थंडीत ‘ब्रिटल’ होई. जोडकामातील दोषापाशी चीर सुरू झाली आणि सलग जोडलेल्या पत्र्यांतून धावत गेली. ‘स्ट्राँग’ म्हणजे ‘टफ’ नव्हे, हा धडा जहाजबांधणीला फार महागात पडला.

गावातला लोहार मात्र हा धडा हाताने जाणतो. तो कोयत्याचे पाते लाल तापवून पाण्यात बुडवतो. याला ‘पाणी देणे’ म्हणतात. पाते ‘हार्ड’ होते, पण ‘ब्रिटल’ही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवतात. थोडा कठीणपणा जातो आणि चिवटपणा येतो.

स्वाध्याय

१. पुढील वस्तूंना वरील आठ विशेषणांपैकी योग्य ती लावा: खडू, काचेची बांगडी, सायकलची ट्यूब, सुतळी.

२. पुढील जोड्यांत फरक दाखवणारी एकेक वस्तू सांगा: ‘हेवी’ व ‘डेन्स’, ‘क्लिअर’ व ‘कलरलेस’, आम्लाच्या बाबतीत ‘स्ट्राँग’ व ‘कॉन्सन्ट्रेटेड’.

उत्तरे: (१) खडू ‘सॉफ्ट’ आणि ‘ब्रिटल’, बांगडी ‘हार्ड’, ‘स्टिफ’ आणि ‘ब्रिटल’, ट्यूब ‘सॉफ्ट’, ‘फ्लेक्सिबल’ आणि ‘टफ’, सुतळी ‘स्ट्राँग’ आणि ‘फ्लेक्सिबल’. (२) लाकडाचा ओंडका ‘हेवी’ असूनही तरंगतो, लहानसा खिळा ‘डेन्स’ म्हणून बुडतो. मोरचुदाचे द्रावण ‘क्लिअर’ असते, पण निळे असते. ॲसेटिक आम्ल कितीही ‘कॉन्सन्ट्रेटेड’ केले, तरी ते ‘वीक’ आम्लच राहते.

आता तुमच्या वहीतली यादी पुन्हा उघडा आणि प्रत्येक शब्दासमोर त्याची कसोटी लिहा. ज्या शब्दाची कसोटी सुचणार नाही, तो शब्द अजून नीट समजलेला नाही, असे समजा आणि शिक्षकांना विचारा.