गळ, चिलापी आणि अण्णांची वाम

मुलांनो, माशाचा पाठ मी तुम्हांला फळ्यावर चित्र काढून शिकवला. कल्ले दाखवले, पर दाखवले, खवले दाखवले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने विचारले, "गुरुजी, थंडीत मासं गळाला का लागत न्हाईत?" मला धड उत्तर देता आले नाही. घरी जाऊन अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारले. ते म्हणाले, "मास्तर, ते असं घरात बसून कळायचं न्हाई. रविवारी पाण्यावर चला."

म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही दोघे निघालो. बारामती शहरातून एस.टी.ने भिगवण तासाभरावर. तिथून रिक्षाने कुंभारगावच्या बाजूला गेलो. सोबत बांबूची काठी, तंगूस, चार गळ, शिशाच्या गोळ्या, डब्यात ओल्या मातीत ठेवलेली गांडुळे आणि फडक्यात भाकरी-ठेचा. थंडी ओसरत आली होती, तरी सकाळी स्वेटर लागत होता. काठावरच्या मच्छीमारांना विचारले आणि एका बाभळीखाली बसलो.

समोर दिसते ते उजनी धरणाचे पाणी. धरण सोलापूर जिल्ह्यात, भीमा नदीवर. १९८० साली पुरे झाले. जलाशयाचे नाव यशवंतसागर. त्यात सुमारे ११७ टी.एम.सी. पाणी मावते. हा आकडा तुम्ही पाठ कराल, पण या पाण्याखाली कितीतरी गावे गेली हेही लक्षात ठेवा. त्यांतले एक आमचे. अण्णांनी काठीने दूरवर दाखवले, "त्या नावेच्या अंगाला आपला वाडा. त्याच्या खालती डोह. डोहात ही एवढी वाम मिळायची." आणि हात खांद्यापर्यंत नेला. वाम हा सापासारखा लांब मासा. अण्णांना या पाण्यातून एकदा तरी वाम काढायची होती. पाठाचे निमित्त माझे, पण खरे ते त्यासाठीच आले होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

सकाळी दीड तास काहीच लागले नाही. मोरपिसाचा देठ पाण्यावर उभाच्या उभा. मी कंटाळून काठाने येरझारा घालू लागलो, तर अण्णा खेकसले, "पाय आपटू नगा!" त्यांचे खरेच होते. माशाच्या दोन्ही कुशींवर एक बारीक रेघ असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातला हलकासा कंपसुद्धा माशाला तिच्यावरून कळतो. काठावर धपधप चालले की तो कंप जमिनीतून पाण्यात जातो आणि मासा दूर सरकतो.

ऊन चढले, अकरा वाजून गेले आणि देठ एकदम बुडाला. आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर ऐका. आपले अंग थंडीतही गरम राहते. माशाचे तसे नाही. जेवढे पाणी थंड, तेवढा मासा थंड. थंडीत त्याची हालचाल मंदावते, पचन मंदावते आणि मग भूकही कमी लागते. गळाला आमिष लावले तरी तो धावत येत नाही. दुपारी काठाजवळचे उथळ पाणी उन्हाने आधी तापते, तेव्हा मासे तिकडे येतात. थंडीत गळ टाकायचा तो दुपारी, आणि उथळात. अण्णांना हे कोणत्याच पुस्तकाने शिकवलेले नव्हते.

निघाली ती चिलापी. नंतरही चिलापीच. पाठीवरचे काटे माझ्या बोटात घुसले. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून काटे निजवायचे आणि मगच मासा धरायचा, हे मी रक्त काढून शिकलो. हातात घेऊन पाहिले, तर हिची पार्श्वरेषा मध्येच तुटते आणि जरा खालून पुन्हा सुरू होते. मिळाली तर तुम्हीही पाहा.

पाचवी चिलापी आली तसे अण्णा चिडले. "सगळं पाणी ह्या भवानीनं खाल्लं!" त्यात थोडे तथ्य आहे. चिलापी म्हणजे तिलापिया; मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ साली आणली. तीन-चार महिन्यांत वयात येते, वर्षातून अनेकदा अंडी घालते आणि साचलेल्या पाण्यात मजेत वाढते. आपले रोहू-कटला पावसाळ्यात वाहत्या पाण्यातच अंडी घालतात. म्हणून धरणात त्यांचे बीज आणून सोडावे लागते. पण सगळा दोष चिलापीच्या माथी कशाला? वाहती नदी आपण अडवली. पुणे शहराचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, आणि भीमेतून इथे येते. बारीक जाळ्यांत लहान पिल्लेही जातात.

दुपारी एक मच्छीमार जाळे घेऊन काठाला आला. जाळ्यातल्या एका चिलापीच्या तोंडातून पिवळे दाणे सांडले. मी म्हटले, ज्वारी खाल्ली की काय! तो हसला. "गुरुजी, अंडी हायत ती." मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. पिल्ले निघाली तरी काही दिवस तोंडातच सांभाळते. तितके दिवस ती जवळजवळ काही खात नाही. म्हणून अशी मादी गळाला क्वचितच लागते. जाळ्याला मात्र उपाशी काय आणि पोटभर काय, सारखेच.

अण्णा वाकून दाणे बघत राहिले. "उपाशी ऱ्हाती व्हय पोरांसाठी," एवढेच बोलले. मच्छीमार म्हणाला, "आजोबा, अशा रोज निघत्यात," आणि मासा टोपलीत टाकला. त्यालाही घर आहे.

भाकरी खाताना पलीकडे रोहित पक्षी माना उलट्या करून चिखल गाळत होते. त्यांच्यावर वेगळा लेख लिहावा लागेल. एक गोष्ट मात्र आताच सांगतो: तिथे काठाला गाळ फार आहे, पाय मांडीपर्यंत रुततो. मोठ्या माणसाशिवाय कोणीही जाऊ नये.

वाम काही मिळाली नाही. परतताना एस.टी.त अण्णा म्हणाले, "वैशाखात येऊ. पाणी उतरलं की पळसदेवाचं देऊळ उघडं पडतं. तवा बघू."

या लेखाखाली मी एक कोरा कागद डकवला आहे. आपल्या ओढ्यात, नदीत पूर्वी कोणते मासे मिळत ते आजी-आजोबांना विचारा आणि नावे त्यावर लिहा. आता मिळत नसतील, त्यांच्यापुढे फुली करा. वाम, मरळ, शिवडा आणि शिंगाडा ही पहिली चार अण्णांनी सांगितली, ती मी लिहून ठेवली आहेत. वामपुढे फुली करू दिली नाही.