साध्या पिकअपला वरच्या मॉडेलचा साज

धंद्यासाठी साधी पिकअप घ्यायची आणि मग तिला महागड्या मॉडेलसारखी सजवायची, हा शौक आपल्या बऱ्याच व्यापारी बांधवांना असतो. शौक वाईट नाही. मात्र पैसा कुठे लावावा आणि कुठे हात आखडावा, याचा हिशेब आधी करावा.

इसुझू कंपनीचे उदाहरण घेऊ. तिची डी-मॅक्स एस-कॅब ही मालवाहू गाडी, पिवळ्या नंबर प्लेटची. त्याच घराण्यातली व्ही-क्रॉस ही खासगी वापराची, रुबाबदार. दोघींचा चेहरा-मोहरा मिळताजुळता. म्हणून एस-कॅबला व्ही-क्रॉसचे रूप देणे कारागिराला जमते. जाळी, आरसे, दाराच्या मुठी, अलॉय चाके, पायदान आणि पट्ट्या एवढ्यावर बहुतेक काम भागते.

१) रंग : बंपर-आरशांचे काळे प्लास्टिक नुसते रंगवले तर काही महिन्यांत पापुद्रे निघतात. आधी साबणाने तेलकटपणा काढावा, बारीक पॉलिश पेपर मारावा, प्लास्टिकचा खास प्रायमर द्यावा. मग रंग आणि शेवटी क्लिअर कोट. सगळ्या गाडीचा रंग बदलायचा असेल तर आरटीओकडे नोंद करावी लागते.

२) चाके : नुसती चमक पाहू नये. चाक आणि टायर दोन्हींची भार पेलण्याची क्षमता मूळच्यापेक्षा कमी नसावी. चाक फार बाहेर काढले तर बेअरिंगवर ताण येतो.

३) दिवे : फॉग लॅम्प बसवताना मूळ वायर कापू नये. रिले, फ्यूज आणि कपलर लावून घ्यावे. नाहीतर आग लागण्याचा धोका आणि वॉरंटीचा वाद, दोन्ही गळ्यात पडतात.

४) वजन : आरसी बुकावरचे एकूण वजन ठरलेले असते. ऐंशी किलोचे लोखंड चढवले, की ऐंशी किलो माल कमी भरावा लागतो. हा तोटा रोजचा आहे.

कायद्याकडेही लक्ष हवे. बंपरपुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करण्याच्या सूचना केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिल्या. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आरसीवरील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. बसवलेल्या सामानाची माहिती विमा कंपनीला लेखी द्यावी, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडतो.

आता मुद्द्याची गोष्ट. मांजरपाटाला कितीही झळाळी दिली तरी सुताचा काउंट बदलत नाही. बीएस-६ एस-कॅबचे इंजिन २.५ लिटरचे, ताकद सुमारे ७८ अश्वशक्ती. २०२१ च्या व्ही-क्रॉसचे इंजिन १.९ लिटरचे, पण ताकद १६३. शिवाय एस-कॅबची फक्त मागची चाके ओढतात. हा फरक रंगाने झाकतो, मिटत नाही.

म्हणून कारागिराने काय काय बसवले त्याचे पक्के बिल द्यावे, आणि मालकाने गाडी विकताना ते बिल ग्राहकापुढे ठेवावे. सजवलेली गाडी सजवलेली म्हणून विकली तर मेहनतीचे दाम मिळतात. अस्सल व्ही-क्रॉस म्हणून विकली तर आरसीवरचे मॉडेल पाहताच खोटेपणा उघडा पडतो. मग गाडीचे गिऱ्हाईक तर जातेच, दुकानाचेही जाते.