संत्र्याच्या बागेस ऋतुमानाप्रमाणे पाणी

अमरावती जिल्ह्यातील वरूड-मोर्शी व अकोल्यातील अकोट भागातील संत्रा मुख्यत्वे विहिरीच्या पाण्यावर पोसला जातो. तेव्हा पाणी केव्हा द्यावे व केव्हा तोडावे, हे बागाईतदाराने जाणले पाहिजे.

आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडावे. हलक्या जमिनीस सुमारे ३० दिवसांचा ताण पुरतो, भारी जमिनीस अधिक लागतो. पाने मलूल व पिवळसर दिसताच जानेवारीत ताण सोडावा. प्रथम हलकी आंबवणी, मग चिंबवणी व त्यानंतर भरपूर पाणी द्यावे. उन्हाळ्यात पाण्यात खंड पडल्यास कोवळी फळे गळतात. पावसाळ्यात उताराच्या दिशेने चर खणून साचलेले पाणी बाहेर काढावे.

आळे दुहेरी करावे. बुंधा ओला राहिल्यास डिंक्या रोग बळावतो व बहरलेले झाडही हातचे जाते.