डिजिटल कथाकथन आणि सर्जनशील लेखनाचे अध्यापन

म्हैसूरहून सोमनाथपूरच्या केशव मंदिराकडे जाणाऱ्या मार्गावर बन्नूर हे गाव लागते. टी. नरसीपूर तालुक्यातील हे छोटे शहर तेथील मेंढ्यांमुळे सर्वदूर परिचित आहे. शासकीय नोंदीत ‘मंड्या’ म्हणून असलेली ही बुटकी, भरदार अंगाची जात लोकव्यवहारात ‘बन्नूर’ याच नावाने ओळखली जाते. अशा गावातील सातवीच्या वर्गाला ‘आमच्या गावची मेंढी’ या विषयावर लिहावयास सांगितले, तर काय हाती येईल? बहुधा मेंढी हा उपयुक्त प्राणी आहे, तिच्यापासून लोकर मिळते, ही पुस्तकी वाक्ये. वास्तविक ही जात प्रामुख्याने मांसासाठी पाळली जाते आणि ही गोष्ट बन्नूरच्या मुलांना कोणी शिकवावी लागत नाही. तरीही वहीत लोकरच येण्याचा संभव अधिक. पाहिलेले आणि लिहिलेले यांतील हे अंतर हाच लेखनशिक्षणाचा खरा प्रश्न होय.

हा प्रश्न कन्नड शाळांपुरता नाही. मराठी शाळांतील ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. मुद्दे शिक्षकाचे, शेवट ठरलेला आणि तात्पर्य अनिवार्य. विद्यार्थ्याच्या वाट्याला केवळ मधल्या जागा भरणे उरते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने मुलाचा शाळेबाहेरील अनुभव व त्याची घरची भाषा यांना वर्गात स्थान देण्याचा आग्रह धरला. तथापि भाषेच्या उत्तरपत्रिकेत हा आग्रह अद्याप पुरेसा उतरलेला दिसत नाही.

या पार्श्वभूमीवर डिजिटल कथाकथनाचे तंत्र विचारात घेण्याजोगे आहे. स्वतःच्या आवाजात सांगितलेली, मोजक्या चित्रांची जोड दिलेली दोन-तीन मिनिटांची गोष्ट, असे त्याचे स्वरूप असते. १९९० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात डॅना अ‍ॅचली, जो लॅम्बर्ट आदींनी कार्यशाळांच्या रूपाने ही पद्धत घडविली. पुढे २००१ ते २००८ या काळात बीबीसीच्या वेल्स विभागाने ‘कॅप्चर वेल्स’ उपक्रमातून सामान्य नागरिकांकडून अशा गोष्टी तयार करून घेतल्या. या कार्यशाळांचा क्रम लक्षणीय आहे. प्रथम गोलाकार बसून तोंडी कथन, मग लेखन, आणि यंत्र सर्वांत शेवटी. आपल्याकडे ‘डिजिटल’ म्हटले की संगणक कक्षाचे कुलूप आधी उघडले जाते. त्यामुळे मुले अक्षरांचे रंग निवडण्यात तासिका घालवितात.

पाठाची आखणी

बन्नूरच्याच वर्गाची कल्पना करू. पहिल्या तासिकेला फोन बंद. चार-पाच मुलांच्या गटात प्रत्येकाने घरच्या भाषेत एकच प्रसंग सांगावयाचा : बाजाराच्या दिवशी विकले गेलेले कोकरू, कालव्यात पडलेली मेंढी किंवा असेच काही. ऐकणाऱ्यांनी ‘मग काय झाले?’ आणि ‘तेव्हा तू कोठे होतास?’ एवढेच विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे मोल मोठे आहे, कारण त्यामुळे सर्वसाधारण मेंढी बाजूला पडून एक विशिष्ट मेंढी समोर येते.

दुसऱ्या तासिकेला संहिता लिहावी. दोन मिनिटांच्या कथनास साधारणतः दोनशे ते अडीचशे शब्द पुरतात. ही मर्यादा जाचक वाटली तरी तीच शिकविते. कोणते वाक्य गाळले तरी गोष्ट उभी राहते, हे मूल मोठ्याने वाचून स्वतः ठरविते. चित्रात दिसणारे शब्दांत पुन्हा सांगावयाचे नाही, हा दुसरा नियम. काळ्या ढगांचे चित्र असेल तर ‘आकाशात काळे ढग होते’ हे वाक्य निरुपयोगी ठरते आणि ती जागा मनातील भीतीसाठी मोकळी होते.

चित्रांचा क्रम समजावण्यासाठी बन्नूरच्या शिक्षकाला दूर जाण्याचे कारण नाही. सोमनाथपूरचे तेराव्या शतकातील केशव मंदिर २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्याच्या बाह्य भिंतींच्या खालच्या भागातील एका शिल्पपट्टीत रामायण, भागवत व महाभारत यांतील प्रसंग प्रदक्षिणेच्या क्रमाने कोरलेले आहेत. संपूर्ण रामायण दगडात मावत नाही. म्हणून शिल्पकाराने प्रसंग निवडले, उरलेले पाहणाऱ्यावर सोपविले. आठ चौकटींची चित्रपट्टी आखणाऱ्या मुलापुढे नेमका हाच प्रश्न असतो. महाराष्ट्रातील शाळेला चित्रकथीच्या परंपरेतून हाच पाठ देता येईल; सिंधुदुर्गातील पिंगुळी येथे ती आजही जिवंत आहे.

ध्वनिमुद्रण त्यानंतरचे. स्वतःचा आवाज ऐकताना अडखळणारे वाक्य मुलाला लगेच जाणवते आणि शिक्षकाने लाल शाई न वापरताही ते दुरुस्त होते. घरची बोली व प्रमाण भाषा यांचा मेळही येथेच घालता येतो. निवेदन प्रमाण भाषेत, पात्रांचे बोलणे बोलीत. लेखनाचा वेग कमी असलेल्या मुलांसाठी बोललेले अक्षरांत उतरविण्याची सोय मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत गूगलने २०१७ मध्ये उपलब्ध करून दिली. मात्र विरामचिन्हे व जोडाक्षरे तपासण्याचे काम मुलानेच करावे.

साधने आणि मर्यादा

बंगळूरच्या प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या मंचावर अनेक भारतीय भाषांतील चित्रकथा मुक्त परवान्याखाली मिळतात. तेथील चित्रे घेऊन नवी गोष्ट रचता येते. सुरुवातीच्या सरावास हे उपयुक्त असले, तरी मुलांनी स्वतः काढलेली चित्रे केव्हाही सरस. एका सूचनेवरून संपूर्ण गोष्ट लिहून देणारी यंत्रे आता हाताशी आली आहेत; ती पहिल्या मसुद्यापासून तरी दूर ठेवणे इष्ट.

साधनांचा अभाव ही सबब पूर्वीइतकी सबळ राहिलेली नाही. ‘असर’ २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातील सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे आढळले. त्यांपैकी ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी, तर ५७ टक्क्यांनी शैक्षणिक कामासाठी त्याचा वापर केला होता. गटास एक फोन पुरतो. मुलांचे चेहरे व नावे असलेली ध्वनिचित्रे पालकांच्या संमतीविना शाळेबाहेर पाठवू नयेत. मूल्यमापन करताना चित्रफितीच्या चकचकीतपणाला गुण देण्याऐवजी पहिला मसुदा व अंतिम संहिता शेजारी ठेवून पाहावी : काय गाळले, काय नव्याने आले, आणि लोकरीच्या जागी ते विकले गेलेले कोकरू आले का.